डावा कौल

आमच्या गावदेवीच्या देवळातला भिंतीवरचा पंखा मी दिलेला आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या पंख्याने घातला. मी नास्तिक आहे. कॉलेजात असल्यापासून आहे, आणि तोंडाने फटकळ असल्यामुळे ही बातमी टेमघरपासून अंबाडीपर्यंतच्या आमच्या सगळ्या सोयऱ्यांना पाठ आहे. भिवंडीतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. वर्गात अगदी छापील मराठी बोलते, आणि माहेरच्या ओट्यावर पाय ठेवला की माझ्याही तोंडात मधूनमधून 'ळ'चा 'ल' होतो.

माहेर सासरपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. गाव म्हणायचं ते सवयीने. एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला बिल्डिंगा, आणि मध्ये देऊळ. देवळाला दोन वर्षांपूर्वी नवीन हॉल बांधला तेव्हा मंडळाची माणसं माझ्याकडेही वर्गणीला आली. मी सांगितलं, "देवीला मी काही देणार नाही. पण नवरात्रात त्या हॉलमध्ये बायका घामाने निथळत भजन म्हणतात, त्यांच्यासाठी पंखा देते." आणि अट घातली की त्याच्यावर नावबीव काही रंगवायचं नाही. आठवड्याने दारातून डोकावून बघते तर तिन्ही पात्यांवर लाल अक्षरांत 'देवीचरणी अर्पण'. हे काम माझ्या बाबांचं. मी देवळाच्या पायरीवरच त्यांना धरलं.

"बाबा, ही फसवणूक आहे."

"आगं, पंखा फिराया लागला का कोन वाचतंय?" बाबा म्हणाले.

बाबांशी भांडायला बसलं की असं होतं. तुम्ही तासभर तयारी करून जा, ते एका वाक्यात तुमची हवा काढतात.

बाबा जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. शंभर मागांच्या खडखडाटात कुठला माग चुकीचा वाजतोय ते त्यांना दारातून कळायचं. कामगार सगळे उत्तरेकडचे, ते बाबांना 'उस्ताद' म्हणायचे, आणि बाबांची हिंदी इतकी पक्की झाली होती की रागावले की ते घरातही हिंदीतच रागवायचे. यंत्राच्या बाबतीत त्यांच्याइतका कडक माणूस मी पाहिला नाही. माग बंद पडला तर कारण शोधायचं, नशीब-बिशीब तिथे चालत नसे. आणि हाच माणूस दर मंगळवारी देवीकडे कौल लावायला जायचा! मला या गोष्टीचा लहानपणापासून संताप येई.

कौल लावणं म्हणजे असं. पुजारी मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या शेंदराच्या मूर्तीवर चिकटवतो, एक तिच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपला प्रश्न मोठ्याने सांगायचा, आणि थांबायचं. उजवी कळी आधी पडली तर देवी हो म्हणाली. डावी पडली तर नाही. लग्न, जमीन, बोअरिंग, मुलाची शाळा, सगळं या दोन कळ्यांवर.

कॉलेजात गेल्यावर मी एक वही केली होती. वहीचं नाव 'हुकलेले कौल'. उजवा कौल मिळूनही मोडलेली लग्नं, उजवा कौल मिळूनही कोरडी गेलेली बोअरिंग. वही भरत आली तेव्हा मोठ्या ऐटीत बाबांपुढे टाकली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली.

"यात बराबर आलेले कौल कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

"ते योगायोगाने आले. ते कशाला लिहायचे?"

"आसं व्हय," बाबा म्हणाले आणि वही परत दिली. मी जिंकले असंच मला कित्येक वर्षं वाटत होतं.

आमचं भांडण कायम एकाच जागी येऊन अडायचं. ते म्हणायचे, देवळात जाऊन बसलं की मला बरं वाटतं. मी म्हणायचे, बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. त्यावर आई आतून ओरडायची की तुम्ही दोघं गप्प बसलात तर मला बरं वाटेल आणि बरंही होईल. मग चहा व्हायचा.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर बाबा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर चक्कर येऊन पडले. हातातला ग्लास फुटला, कोपर सोललं. टपरीवाल्याने पाणी मारलं, उठून बसवलं. बाबांनी 'साखर कमी झाली असंल' म्हणून गोष्ट मिटवायला बघितली, पण आईने मला फोन केला आणि मी त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं. छातीचा आलेख काढला, मग चोवीस तास अंगाला यंत्र लावून ठेवलं. निदान सरळ होतं. हृदयाचे ठोके फार मंद पडत होते, मधूनच थांबत होते. पेसमेकर बसवायचा, म्हणजे छातीच्या कातडीखाली एक चपटी डबी, तिच्यातून तार हृदयापर्यंत. ठोका चुकला की डबी आठवण करून देणार.

"घाबरण्यासारखं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण लांबवू नका. पुढची चक्कर रस्ता ओलांडताना आली तर मी काही करू शकणार नाही."

आमच्या रस्त्यावरून दिवसभर गोदामांचे ट्रेलर जातात. मी लगेच तारीख विचारली. बाबा मात्र शांतपणे उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "मंगलवारी कौल लावतो, मंग सांगतो."

मंगळवारी कौल डावा आला.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. हृदयाचं चित्र काढून दाखवलं. वर्गातलं मॉडेल पिशवीतून घरी आणलं, त्याचे कप्पे उघडून दाखवले. बाबांनी ते हातात घेऊन नीट बघितलं, झडपा उघडमीट केल्या, "झ्याक बनवलंय" म्हणाले, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा देवळात गेले. पुन्हा डावा. तिसऱ्या मंगळवारी पुन्हा डावा, आणि त्या दिवशी परत येताना देवळाच्या पायरीवर त्यांना अंधारी आली. पुजाऱ्यांनी सावरलं म्हणून बरं. घरी आले तेव्हा ओठ पांढरे, आणि चेहऱ्यावर हसू.

मला त्या दिवसांत बाबांचा इतका राग यायचा की रिक्षात बसून मी एकटीच बडबडायचे. इतका हुशार माणूस, आणि जीव टांगलाय मोगऱ्याच्या कळीला!

दरम्यान गावातही कुरबुर सुरू झाली होती, कारण डावा कौल एकट्या बाबांनाच मिळत नव्हता. सगळ्यांनाच मिळत होता. तीन घरची लग्नं अडून बसली. एकाची जमीन मानकोलीच्या गोदामवाल्याला द्यायची होती, ती अडली. एक बाई नुसती नवी शिलाई मशीन घेऊ का म्हणून विचारायला गेली, तिलाही देवी नाही म्हणाली. पुजारी हवालदिल. देवी रुसली, असं ठरलं. आता का रुसली याचं कारण शोधायला गावाला किती वेळ लागणार? एका सकाळी मी आईकडे आले तर पुजारी ओट्यावर बसलेले. वयाने माझ्यापेक्षा थोडे मोठे, अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. माझ्या हाताखाली त्यांच्या दोन्ही मुली दहावी झाल्या, त्यामुळे मला 'बाई' म्हणतात.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "लोक म्हनतात, बाई देवलाच्या कट्ट्यावर चपला घालून बसतात. आत पाय टाकत न्हाईत. एकदा देवीची ओटी भरली असती तर..."

अस्सं! म्हणजे माझ्या बाबांच्या ऑपरेशनला देवी माझ्यामुळे नाही म्हणतेय. माझं डोकं सणकलं. "चला," मी म्हटलं, "आत्ता येते. बघू दे मला तुमची देवी कशी रुसते ते." आणि बोलल्यासारखी तरातरा निघाले. पुजारी बिचारे मागून 'चपला, बाई, चपला' करत.

चपला काढल्या. तीस वर्षांनी मी त्या गाभाऱ्यासमोर उभी राहिले. आणि पहिली गोष्ट काय जाणवली, तर वारा. मस्त गार वारा येत होता. हॉलमध्ये नाही, गाभाऱ्यात. डावीउजवीकडे बघते तर माझा पंखा! भजनाच्या जागेकडे तोंड करून बसवलेला माझा पंखा कोणीतरी मान पिरगळून देवीकडे फिरवला होता, आणि फिरायचं बटण दाबून तिथेच अडकवून ठेवला होता.

"हा कोणी वळवला?"

"मीच, नवरात्र संपल्यावर," पुजारी म्हणाले. "देवीला उकडतं हो, बाई. सगला जन्म शेंदरात."

पंखा देवीच्या डाव्या अंगाला. पाण्याने चिकटवलेली कळी सुकली की पडते, यात सहावीच्या पोरालाही शंका येणार नाही. डावीकडची कळी वाऱ्याने आधी सुकणार आणि आधी पडणार. मग मी दुसऱ्या बाजूला बघितलं. देवीच्या उजव्या अंगाला समई, अखंड जळणारी, पिढ्यान्‌पिढ्या त्याच कोनाड्यात. म्हणजे पंखा इकडे वळायच्या आधी समईच्या उबेने उजवी कळी आधी सुकायची. आमची देवी एवढी वर्षं गावाला बहुतेक वेळा हो का म्हणत आली, गावात एवढी लग्नं का झाली, सगळं माझ्या लक्षात आलं. मी मोठ्याने हसले. गाभाऱ्यात माझा आवाज घुमला आणि पुजाऱ्यांना वाटलं माझ्या अंगात आलं.

त्यांना समजावून सांगितलं. ते मूर्तीवर प्रयोग करू देईनात, देवीची परीक्षा घ्यायची नाही म्हणाले, आणि ते मला पटलं. मग आम्ही एक पितळेची घागर पालथी घातली, तिला तेल-शेंदूर फासला, आणि गाभाऱ्याच्या दारात त्याच रेषेत ठेवली. शेजारी दुसरी समई लावली. पंखा चालू ठेवून दोनदा कळ्या लावल्या, दोन्ही वेळा डावी पडली. पंखा बंद करून दोनदा लावल्या, दोन्ही वेळा उजवी. एक अख्खी दुपार गेली. पुजारी मांडी घालून, हनुवटीला हात लावून बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. वाईट वाटलं मला, खरंच.

ते उठले, पंख्याची मान हॉलकडे फिरवली, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बघा, बाई, देवीला तुमाला आत बोलवायचं व्हतं. किती दिस बोलवत व्हती!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

पण ते जाऊ दे. मला बाबांना गाठायचं होतं. धावतच घरी आले. बाबा ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होते, आईला बिरड्यासाठी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: पंखा, समई, घागर, दोनदा डावी, दोनदा उजवी. वर्गात कधी इतकं रंगवून शिकवलं नसेन. बाबांनी एक वाल सोलला, परातीत टाकला.

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"पंख्याचा. पयल्याच मंगलवारी कललं." त्यांनी दुसरा वाल घेतला. "चालीस वरसं कारखान्यात काढली, बाय. सूत सुकलं का तुटतं, म्हनून आमी उन्हाल्यातपन मागावर पंखा लावत न्हवतो. घामानं मरायचो, पन जमिनीवर पानी मारून ठेवायचो. कंची कली आधी सुकंल त्ये मना कलनार न्हाय?"

मी तिथेच पायरीवर बसले. एक महिना! एक महिना मी या माणसापुढे डोकं फोडत होते, हृदयाचं मॉडेल पिशवीत घालून भिवंडीच्या ट्रॅफिकमधून आणत होते, गावभर माझ्या चपलांची चर्चा चालली होती, आणि याला पहिल्या दिवसापासून माहीत!

"मग मला कशाला नाचवलंस? आणि कौल खोटा माहीत असून परत परत का लावलास?"

आतून आई म्हणाली, "त्याला इचार, जेवन का जात न्हाय त्ये."

बाबांनी परात बाजूला सरकवली. हात धोतराला पुसले. आणि माझ्याकडे न बघता, समोरच्या गोदामाच्या पत्र्याकडे बघत बोलले. "ती मशीन हाय ना? मशीन बिघडते, बाय. मी जल्मभर दुसरं काय बघितलंच न्हाय. नवा कोरा माग आनायचा शेठ, आठ दिसांत मना बोलवनं. तार तुटते, स्प्रिंग जाते, दात झिजतो. आनि माग बिघडला तं मी हाय. छातीत बिघडली तं कोन हात घालनार?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. "बाबा, चालू असलेल्या मागाकडे तुला कोणी कधी बोलावलं का?"

"चालू मागाकडं जॉबरचं काय काम?"

"मग! एक बंद पडायचा तेव्हा बाकीचे सगळे चालूच असायचे ना? त्यांच्याकडे तू बघितलंच नाहीस. तू फक्त बिघडलेलेच मोजलेस."

बाबांनी विचार केला. मग त्यांच्या मिशीत ते ओळखीचं हसू आलं. "आनि तुज्या त्या वहीत काय व्हतं?"

इतक्या वर्षांनी! इतक्या वर्षांनी त्या माणसाने उत्तर दिलं. मी वहीत फक्त हुकलेले लिहिले, त्यांनी मनात फक्त बिघडलेले ठेवले. आम्ही दोघंही हसलो. आई बाहेर येऊन बघून गेली. हसणं थांबल्यावर बाबा हळूच म्हणाले, "मना भ्या वाटतं, बाय. डावा कौल आला का आनखी आठ दिस भेटायचे. बस. येवढंच."

महिनाभर मी किती बोलले होते. ठोके, झडपा, तारा, लोकं कशी पेसमेकर घेऊन झाडावर चढतात. एक गोष्ट तेवढी बोलले नव्हते. "मलापण भ्या वाटतं," मी म्हटलं. "रोज तू नाक्यावर जातोस ना, तेव्हा फोन वाजला की माझ्या हातातला खडू पडतो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "मंग हे आधी बोलायचं ना," ते म्हणाले. "ते पिलॅस्टिकचं कालीज कशाला दाखवीत बसलीस?"

तरीही ते एका गोष्टीवर अडून राहिले. जायच्या आधी एकदा सरळ कौल लावायचा, पंखा बंद करून. पुरावा म्हणून नको, हिमतीला पाहिजे, म्हणाले. आणि मी बरोबर यायचं. मंगळवारी सकाळी चपला काढून मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. पंख्याचं बटण मी स्वतः बंद केलं. पुजाऱ्यांनी कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आये, तुज्या लेकराला डॉक्टरच्या हवाली करतोय, हो म्हन."

पंख्याविना कळ्यांना वेळ लागतो. बाबा स्टुलावर बसले होते, मी उभी. दहा मिनिटं झाली, वीस झाली. समई नीट जळत होती, पंखा बंद, सगळं माझ्या बाजूने होतं. घागरीवर दोनदा झालं तेच होणार होतं. आणि तेवढ्यात मला दिसलं की डावी कळी हलतेय. अगदी किंचित, पण हलतेय. उजवी घट्ट बसलेली.

आता हा डावा आला तर? पुन्हा आठ दिवस, पुन्हा नाका, पुन्हा ट्रेलर. मी उजव्या कळीकडे बघत राहिले आणि माझ्या नकळत माझे ओठ हलायला लागले. "पड गो आये," मी पुटपुटत होते, "पड ना गो. त्याला न्हेऊ दे मना. उजवी पड."

बाबा उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल."

"थांब, अजून पडली नाही."

"पडंल ती सावकाश. चल, पिशवी भरायची हाय."

आणि ते खरंच निघाले, माझा खांदा धरून, हळूहळू. मला मागे बघायचं धैर्य झालं नाही. संध्याकाळी पुजाऱ्यांचा फोन आला, "बाई, उजवा! एकदम उजवा!" आईने लगेच देवाजवळ साखर ठेवली. मी माझ्या मनाशी म्हटलं, समई होतीच की. पण अंगातला ताण उतरला तो उतरलाच.

दोन दिवसांनी मानकोलीवरून ठाण्याच्या हॉस्पिटलात गेलो. ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो आणि बाबा आजूबाजूच्या प्रत्येक ट्रेलरचं इंजिन कसं वाजतंय ते सांगत बसले. ऑपरेशनच्या आधी त्यांनी तिथल्या डॉक्टरबाईंची तोंडी परीक्षा घेतली. तार कशाची, टाका सुटला तर काय, बॅटरी किती चालते, बंद पडायच्या आधी आवाज देते का. त्या बाईंनी सगळी उत्तरं दिली आणि सांगितलं की दर काही महिन्यांनी बोलावून आम्ही मशीन तपासतो, बिघडायची वाट बघत नाही.

"म्हंजे तुमी आमच्यापेक्षा बरे जॉबर," बाबा म्हणाले आणि सही केली.

सगळं सुरळीत झालं. तिसऱ्या दिवशी घरी. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, एवढंच पथ्य, म्हणून देवळातली घंटा उजव्या हाताने वाजवत होते. महिन्याभरात नाक्यावरच्या टपरीवर जाणं पुन्हा सुरू. चक्कर नाही, अंधारी नाही. फक्त एक तक्रार, की मशीनचा आवाज येत नाही, चालू आहे की बंद कळायचं कसं? मग मी गेले की मनगट पुढे करतात. मी नाडी मोजते आणि सांगते, "चालू हाय." ते मान डोलावतात. आठवड्यातून दोनदा तरी हा कार्यक्रम होतो.

आता खरं सांगायचं ते. या होळीच्या सुमाराला पुजारी मला शाळेच्या फाटकाशी भेटले. इकडचं तिकडचं बोलले, घुटमळले, आणि शेवटी म्हणाले, "बाई, एक गोष्ट पोटात हाय. त्या मंगलवारी कौल डावा आला व्हता."

"पण तुम्ही तर उजवा म्हणून फोन केलात," मी म्हटलं.

"तुमी दोघं दाराशी गेलात आनि डावी पडली. मी उचलली, कनवटीला लावली आनि उजवा म्हनून सांगितलं. देवीच्या नावानं पयल्यांदा खोटं बोललो. झोप लागंना. मंग तुमच्या बाबांनी शर्टाचं बटन काढून दाखवलं, मशीन कुठं बसवलीय? डाव्या बाजूला! तवा कललं, देवी तेच सांगत व्हती. आपुनच अडानी."

मी हात जोडले. खरोखर जोडले. या माणसाने माझ्या बाबांसाठी आपल्या देवीचा नकार कमरेला खोचून ठेवला होता. आणि माझी घागर, माझी समई, माझं सगळं विज्ञान त्या दिवशी सपशेल आपटलं होतं. दोन-दोनदा करून बघितलेल्या गोष्टीवर मी वर्गात पोरांना कधी विसंबू देत नाही, आणि स्वतः बाबांचा जीव त्यावर टांगून उभी होते. जन्मभर मला हुकलेला कौल हवा होता. हा त्या सगळ्यांत पक्का, अगदी हातात आला होता, आणि मला तो कुठेही लिहावासा वाटला नाही.

पण पोटात राहीना. आणि हे लिहायला घेतलं तेव्हा तर बाबांना सांगणं भागच होतं. ओट्यावर बसले होते. नाडी मोजून झाली, चालू हाय सांगून झालं. मनगट सोडलं नाही, आणि म्हटलं, "बाबा, त्या दिवशी कौल डावा आला होता."

"मना म्हाईत हाय," बाबा म्हणाले. "दारात चप्पल घालताना मागं बघितलं मी. माज्या डोल्यांसमोर पडली."

"आणि तरी ऑपरेशनला आलास?"

"तू आत हुबी व्हतीस ना," बाबा म्हणाले. "देवीला आये म्हनत व्हतीस माज्यापायी. त्याच्यावर आनखी कसला कौल लावायचा?" मग त्यांनी मनगट सोडवून घेतलं आणि आईला चहा टाकायला सांगितलं.